मधल्या फळीतला पोरगा कसा पाहावा?

पोरगा पारखण्याचे शास्त्र कोल्हापूरला नवे नाही. तालमीत नवे पोर आले की वस्ताद त्याला अंगातला सदरा काढायला सांगतात. मनगट हातात धरून पाहतात, मान पाहतात, मांडीचा घेर पाहतात, बाप किती उंच आहे ते विचारतात, आणि मग म्हणतात, "हाडापेरानं बरा हाय, येऊ दे उद्यापासनं." या नजरेने आपल्या गावाला मल्ल दिले आणि राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबागेचे मैदान गाजते ठेवले.

आपला फुटबॉलही याच तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही आपल्या संघांची नावेच ते सांगतात. त्यामुळे तालमीची नजरही आपोआप फुटबॉलमध्ये आली. गोलरक्षक उंच हवा, बॅक दांडगा हवा, फॉरवर्ड वाऱ्यासारखा पळणारा हवा, इथवर ती नजर फारशी चुकत नाही. ती चुकते मधल्या फळीपाशी. हाफ म्हणा, मिडफिल्डर म्हणा, या जागेवरच्या पोराचे खरे गुण मनगटात नसतात आणि मांडीतही नसतात. ते कुठे असतात आणि कसे पाहावेत, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय मला सुचला तो घरातल्या एका प्रसंगामुळे. माझा एक मावसभाऊ मधल्या फळीत खेळतो. चौदाव्या वर्षी तो परगावी एका निवड चाचणीला गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. "अंगानं लहान आहे, धक्का सोसत नाही," एवढेच त्याला सांगण्यात आले होते. मावशीने त्याचे दूध वाढवले, अंडी सुरू केली. पोराने रोज सकाळी जोर-बैठका मारायला सुरुवात केली. वर्षभर हे चालले. पण खेळ होता तिथेच राहिला. मीही त्याला तेच सांगत होतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून "धक्का खातोय बघ लेका!" असे मी कितीदा ओरडलो असेन, याची गणती नाही. एकदा आमच्या क्रीडाशिक्षक सरांनी मला सहज विचारले, "तू सामन्यात त्याला बघतोस, की चेंडूला?" मी खरे उत्तर दिले. सर म्हणाले, "मग तुला त्याच्याबद्दल काही माहीत नाही."

त्या दिवशी मी एक वही घेतली.

दोन-तीन मिनिटांचा खेळ, बाकी सगळे पडद्यामागे

साधा हिशेब करून पाहू. मोठ्यांचा सामना ९० मिनिटांचा असतो आणि मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून २२ खेळाडू असतात. चेंडू कधी हवेत असतो, कधी रेषेबाहेर जातो, कधी पंच खेळ थांबवतात. हे सारे वजा केले तर एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे राहतो. उरलेली ८७ मिनिटे तो काय करतो? वरच्या दर्जाच्या सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू दहा ते बारा किलोमीटर पळतो, आणि यातले बहुतेक सगळे पळणे चेंडूशिवायचे असते. फॉरवर्डची किंमत गोलाने ठरते, गोलरक्षकाची अडवलेल्या फटक्याने. दोन्ही गोष्टी सर्वांच्या डोळ्यांसमोर घडतात. हाफची किंमत मात्र ज्या वेळी कोणी त्याच्याकडे पाहत नसते त्याच वेळी ठरत असते. म्हणून पारख करणाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती ही, की चेंडूवरची नजर उचलायची. निदान पंधरा मिनिटे फक्त त्या पोराकडे पाहायचे. हे बोलायला सोपे आहे, करायला फार अवघड. आपल्या पेठेचा संघ गोलापाशी गेला आणि शेजारचे सगळे उभे राहिले, की आपली मान आपोआप वळते.

दुसरी गोष्ट, हाफ म्हणजे एकच काम नव्हे. जुन्या पद्धतीत संघ २-३-५ असा उभा राही : दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. त्याच रचनेवरून पाठीवरचे आकडे आले. दोन आणि तीन बॅकचे, चार-पाच-सहा हाफचे, सात ते अकरा फॉरवर्डचे. रचना कधीच बदलली, पण आकड्यांची भाषा राहिली. आज जाणकार 'सहा नंबर' म्हणतात तो बचावफळीपुढे उभा राहून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणारा आणि आपल्या संघाचा डाव सुरू करणारा. 'आठ नंबर' तो, जो या गोलापासून त्या गोलापर्यंत राबतो. 'दहा नंबर' आघाडीच्या मागे राहून शेवटचा नेमका पास देणारा. आठ आणि दहा हे मुळात फॉरवर्डचे आकडे, ते मागे सरकून मधल्या फळीत आले. सहा नंबरचा पोरगा गोल करत नाही म्हणून नापास करणे आणि दहा नंबरचा टॅकल करत नाही म्हणून नापास करणे, ही सारखीच चूक आहे. आधी काम ठरवावे, मग मापे घ्यावीत.

चेंडू येण्यापूर्वी

हाफची मान पाहावी. पण वस्ताद पाहतात तशी नव्हे. ती किती जाड आहे हे पाहायचे नसून किती वळते हे पाहायचे. फॉरवर्डच्या पाठीशी बहुधा एकच बचावपटू असतो. हाफला चारी दिशांनी माणसे असतात. चेंडू त्याच्याकडे निघाल्यापासून पायाशी पोहोचेपर्यंत एक-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात मागे कोण आहे, डावीकडे मोकळा कोण आहे, हे ज्याने पाहून ठेवले त्याला चेंडू आल्यावर विचार करावा लागत नाही. नॉर्वेतील गैर योर्डेट या संशोधकाने इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती घेऊन नेमके हेच तपासले. चेंडू मिळण्यापूर्वी जे खेळाडू जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पास जास्त अचूक ठरतात असे त्यांना आढळले. चेल्सीचा फ्रँक लॅम्पार्ड या सवयीबद्दल प्रसिद्ध होता. बार्सिलोनाचा झावी तर सामनाभर मान फिरवतच असे.

माझ्या वहीतला पहिला रकाना म्हणूनच 'मान' असा होता. चेंडू येण्यापूर्वी पोराने मागे पाहिले की एक खूण. सामना संपल्यावर खुणा मोजण्यापेक्षा त्या केव्हा थांबल्या हे पाहणे उपयोगाचे ठरते. दमलेला किंवा घाबरलेला पोरगा सर्वात आधी मान फिरवणे सोडतो, पळणे त्यानंतर.

दुसरा रकाना अंगाच्या ठेवणीचा. चेंडू बॅककडून येत असताना काही पोरे आपल्याच गोलाकडे तोंड करून सरळ उभी राहतात. त्यांना एकच वाट दिसते, जिकडून चेंडू आला ती. काही पोरे अंग तिरके ठेवतात, एक खांदा आपल्या गोलाकडे आणि एक समोरच्या गोलाकडे. त्यांना अर्धे मैदान एका नजरेत दिसते. तिसरा रकाना पहिल्या स्पर्शाचा. चेंडू पायाखाली मरतो की पुढच्या चालीच्या दिशेने एक पाऊल सरकतो? चेंडू थांबवणारा पोरगा नीटनेटका वाटतो, पण थांबलेल्या चेंडूवर प्रतिस्पर्धी पोहोचतो. सरकवणारा त्याच स्पर्शात त्याला चुकवून जातो.

येथे आपल्या मैदानांचा विचार करायला हवा. हिवाळ्यात सुरू झालेला हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. टणक झालेल्या जमिनीवर चेंडू उसळतो. पावसात गांधी मैदानासारख्या ठिकाणी पाणी साचते, सराव बंद पडतो. अशा जमिनीवर एखादा स्पर्श चुकला तर तो पोराचा दोष की खड्ड्याचा, हे ठरवण्याआधी तोच चेंडू दुसरा कोणी कसा घेतो ते पाहावे.

चेंडू पायाशी असताना

येथे आपण सगळेच जाणकार असतो, आणि म्हणून सर्वात जास्त चुका येथेच करतो. दोघांना चकवणाऱ्या पोराला शाहू स्टेडियमवर शिट्ट्या मिळतात. पण मधल्या फळीत दोघांना चकवून तिसऱ्याकडे चेंडू हरवणे हा गुण नव्हे. तिथे चेंडू हरवला तर आपला अर्धा संघ पुढे निघालेला असतो आणि समोरच्याला मोकळे रान मिळते.

उलट बाजूही पाहावी. कधीच चेंडू न हरवणारा पोरगा पाहिला की प्रशिक्षक खूश होतात. वही उघडून पाहिले तर कळते, की त्याचे बहुतेक पास मागे किंवा शेजारी जातात. पुढे दिलेला पास चुकू शकतो, मागचा सहसा चुकत नाही. म्हणून पास मोजताना 'बरोबर' आणि 'चूक' एवढे दोनच रकाने पुरत नाहीत. पुढे, आडवा, मागे असे तीन करावेत आणि अंगावर माणूस असताना दिलेला पास वेगळ्या खुणेने दाखवावा. पुढे पास देणाऱ्याच्या चुका जास्त असणारच. त्या चुकांमधून तीन वेळा तरी समोरची फळी फाटली का, हे महत्त्वाचे. धाडस हा गुण आणि चेंडू हरवणे हा दोष, दोन्ही एकाच मुळातून येतात. दोष उपटताना गुणाचे मूळ तुटणार नाही ना, हे प्रशिक्षकाने पाहायचे असते.

पासचे वजन ही आणखी एक पाहण्याजोगी गोष्ट. हळू पास म्हणजे मित्राला संकटात टाकणे, कारण चेंडूबरोबर प्रतिस्पर्धीही त्याच्यापाशी पोहोचतो. चांगला हाफ पासमधूनच निरोप पाठवतो : जोरात आणि मोकळ्या पायावर दिला तर 'वळ, मागे कोणी नाही', जवळच्या पायावर दिला तर 'परत दे, मागे माणूस आहे'. पोरगा असा निरोप देतो का, हे तीन-चार सामने पाहिल्यावर दिसू लागते.

चेंडू गेल्यावर

या रकान्यात माझ्या मावसभावाचे खरे दुखणे सापडले. चेंडू हरवल्यावर पहिली पाच पावले कोणत्या दिशेने पडतात, हे मी लिहीत होतो. काही पोरे तिथल्या तिथे वळून चेंडूमागे झेपावतात. काही शहाणी पोरे झेपावत नाहीत. ती मागच्या मोकळ्या जागेकडे धावतात, कारण धोका कुठे होणार हे त्यांना आधीच दिसते. आमचा पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहत होता. फार नाही, दोन-तीन सेकंद. तेवढ्यात चेंडू त्याच्या मागे गेलेला असे. मग तो धापा टाकत धावे, उशिरा पोहोचे, तोल गेलेल्या स्थितीत अंगावर जाई आणि आपटे. पायऱ्यांवरून आम्हाला फक्त आपटणे दिसत असे. त्यावरून आम्ही म्हणत होतो, धक्का सोसत नाही.

दुसरी गोष्ट डाव्या पायाची. डावीकडून आलेला चेंडूही तो उजव्यावर घ्यायला अर्धे वर्तुळ वळत होता. त्या अर्ध्या वर्तुळात प्रतिस्पर्धी पोहोचे. तिथेही पुन्हा धक्का. पण मान मात्र त्याची सतत फिरत होती. अंग तिरके होते. पुढचा पास देण्याची छाती होती. पाच सामन्यांची वही समोर ठेवली तेव्हा कळले, की चाचणीत सांगितलेला दोष डोळ्यांना दिसला तसाच होता, पण त्याचे कारण अंगात नव्हते. ते पहिल्या पाच पावलांत आणि डाव्या पायात होते. चुकीच्या निदानाने त्याचे एक वर्ष गेले. दूध-अंड्यांनी त्याचे भले झाले असेल, पण ज्या दुखण्यावर औषध हवे होते ते तसेच राहिले.

कोणता दोष जातो, कोणता राहतो

म्हणून दोषांची यादी करून पारख पूर्ण होत नाही. प्रत्येक दोषापुढे लिहावे, की हा जाण्यासारखा आहे का, आणि कोणत्या वयापर्यंत. कच्चा पाय रोजच्या भिंतीवरच्या सरावाने सुधारतो. जितके लवकर तितके बरे. हेडिंग शिकवता येते. दम वाढवता येतो. अंगातली ताकद वाढत्या वयात येतेच, आणि पुढे व्यायामाने आणता येते. चेंडू गेल्यावर उभे राहण्याची सवय मोडता येते, मात्र त्यासाठी कोणीतरी ती दाखवून द्यावी लागते. पळण्याचा मुळातला वेग फारसा बदलत नाही. उंची तर आपल्या हातातच नाही. आणि आजूबाजूला पाहण्याची, जागा ओळखण्याची सवय ज्याला लहानपणी लागली नाही, त्याला विशीनंतर लावणे फार कठीण जाते.

आता निवड चाचणीत काय होते ते आठवा. एका दिवसात शेकडो पोरे. प्रत्येकाला काही मिनिटांचा खेळ. अनोळखी पोरे एकत्र करून केलेला संघ. अशा वेळी डोळ्यांत काय भरते? उंची, वेग, ताकद. यातली ताकद उद्या सर्वांनाच येणार असते. जे उद्या येणार नाही ते, म्हणजे नजर आणि जाण, एवढ्या गर्दीत दिसतच नाही. अनोळखी सोबत्यांमध्ये फॉरवर्ड एकट्याच्या बळावर चमकू शकतो; हाफचा खेळ सोबत्यांवाचून उभाच राहत नाही.

जन्मतारखेचा खेळ

वयोगटाच्या स्पर्धांत आणखी एक फसवणूक लपलेली असते. गटाची मर्यादा बहुधा १ जानेवारीला धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात येतात. चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक थोडाथोडका नव्हे. जगभर अनेक देशांत पाहणी झाली आहे, आणि बहुतेक ठिकाणी कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरे जास्त व शेवटच्या तीन महिन्यांतली कमी आढळतात. देव जानेवारीत जास्त खेळाडू घडवतो असे नाही. आपणच मोठ्या दिसणाऱ्यांना निवडतो, मग त्यांनाच चांगले प्रशिक्षण मिळते, आणि शेवटी आपण म्हणतो, पाहा, निवड बरोबर होती!

याशिवाय वयात येण्याचे वेळापत्रक प्रत्येकाचे वेगळे. एकाच वर्गातल्या चौदा वर्षांच्या दोन पोरांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. हाडांच्या वाढीने पाहिले तर त्यांच्यात तीन-चार वर्षांचे अंतर पडू शकते. म्हणून इंग्लंडमधील काही मोठ्या क्लबांच्या प्रबोधिनींमध्ये अधूनमधून जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवतात. लवकर वाढलेल्या पोराला त्यात पहिल्यांदाच डोके वापरावे लागते, आणि उशिरा वाढणाऱ्याला पहिल्यांदाच आपला खेळ दाखवता येतो. वयाचे खोटे दाखले पकडण्यासाठी मनगटाची एमआरआय चाचणी २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात आली. वस्ताद मनगट पाहतात त्याची आठवण येथे येते. पण हे मनगट वय सांगते, खेळ सांगत नाही.

मोठ्या नावांकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच लहानपणी किरकोळ अंगाचा म्हणून हायदुक स्प्लिट या क्लबने नाकारला. २०१८ मध्ये त्याला जगातील सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी ऑर मिळाला. फ्रान्सचा एन्गोलो काँटे ठेंगणा म्हणून मोठ्या प्रबोधिन्यांच्या दाराबाहेरच राहिला. खालच्या विभागांतून चढत तो २०१५ मध्ये लेस्टरला आला, पुढच्याच वर्षी इंग्लंडचे विजेतेपद आणि २०१८ मध्ये विश्वचषक त्याच्या नावावर लागला. झावीची उंची १७० सेंटिमीटर. तिघेही मधल्या फळीतलेच.

पण म्हणून लहान अंगाची पोरेच चांगली, असा उलटा नियम करू नये. आपल्याच देशातले उदाहरण घेऊ. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्यात ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध भारताने विश्वचषकातला आपला पहिला गोल केला. तो कॉर्नरवर डोक्याने मारणारा जिक्सन सिंग मणिपूरचा, सहा फुटांहून उंच, आणि जागा मधल्या फळीतली. गंमत अशी, की हा पोरगा आधीच्या निवडीत बाहेर राहिला होता. पुढे तो मिनर्व्हा प्रबोधिनीकडून खेळत असताना त्या संघाने सरावाच्या सामन्यात भारताच्याच कुमार संघाला हरवले. तेव्हा पोर्तुगीज प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस यांनी त्याच्यासह काही पोरांना संघात घेतले. मर्यादा होती १ जानेवारी २००० नंतरच्या जन्माची आणि जिक्सनचा जन्म जून २००१ चा, म्हणजे गटातील थोरल्या पोरांहून तो जवळजवळ दीड वर्षाने धाकटा. चाचणीत न दिसलेला पोरगा खऱ्या सामन्यात, ओळखीच्या सोबत्यांमध्ये दिसला.

त्याच भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा, जन्म जुलै २०००. लहान वयात तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथून देशाच्या संघात. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा संघांतून तो खेळला. २०२२ च्या मार्चमध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगची अंतिम लढत झाली, तेव्हा अनिकेतचा हैदराबाद संघ जिक्सनच्या केरळ ब्लास्टर्सविरुद्ध जिंकला. अनिकेतचा अभिमान आपल्या सर्वांना आहेच. पण तो आघाडीला आणि बगलेला खेळणारा. त्याचा वेग आणि फटका कोणालाही पहिल्या दिवशी दिसावा असा. त्याच्याच वयाचा, त्याच्याच गल्लीतला एखादा शांत सहा नंबर असता, तर तो आपल्याला दिसला असता का? हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी मी स्वतःला विचारतो.

टिपण कसे लिहावे

वही भरल्यावर शेवटी एक पान लिहायचे असते. सरांनी मला तीन प्रश्न दिले. हा पोरगा आज काय करू शकतो? तीन वर्षांनी काय करू शकेल? आणि या दोहोंमध्ये काय आडवे येते? उत्तरे साध्या वाक्यांत लिहावीत. 'उत्तम', 'बरा', 'हुशार' असे शब्द टाळावेत, कारण त्यांवरून सरावात काय करायचे ते कळत नाही. 'डावीकडून आलेला चेंडू उजव्यावर घेण्यासाठी वळतो आणि तिथे पकडला जातो,' असे लिहिले तर उद्याचा सराव त्यातच लिहिला गेला.

एका सामन्यावरून मत बनवू नये. निदान एक सामना जिंकताना, एक हरताना आणि एक तगड्या संघाविरुद्ध पाहावा. शेवटची वीस मिनिटे जरूर पाहावीत. राखीव बाकावर बसल्यावर पोरगा काय करतो तेही पाहावे. भर स्टेडियमवर स्वतःच्याच समर्थकांनी शिवी हासडली की पुढचा चेंडू तो मागतो, की लपतो? आपल्याकडे ही परीक्षा आयती मिळते. आणि सर्वात कठीण म्हणजे, पोरगा कोणत्या पेठेचा आहे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून झाले, की नंतर विसरायचे.

मावसभावाचे टिपण मी त्याला वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे मी बारका हाय म्हणून न्हवं?" एवढे एकच वाक्य. आता तो रोज तालमीच्या भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारतो. शेजारचे आजोबा कटकट करतात. तो मोठा खेळाडू होईल की नाही, मला सांगता येणार नाही. पारख करणाऱ्याने भविष्य सांगण्याच्या फंदात पडूही नये. पण आता निदान तो आपल्या खऱ्या दोषाशी झुंजतो आहे.

सुरुवातीला वस्तादांच्या नजरेला मी नावे ठेवली असे कोणाला वाटले असेल. तसे नाही. तालमीच्या गावातूनच, राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीतले कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बँटमवेट गटातले, अंगाने लहानखुरे. कुस्तीतही मोजपट्टीने सगळे कळत नाही, हे जुन्या वस्तादांना ठाऊक असते. म्हणून मनगट पाहून झाल्यावर ते पोराला लगेच परत पाठवत नाहीत. तालमीत ठेवून घेतात, वर्षानुवर्षे त्याची मेहनत पाहतात, तो हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे येतो का हे पाहतात. आपण फुटबॉलवाल्यांनी त्यांच्याकडून माप घेतले, आणि त्यांचा धीर तालमीतच राहू दिला.

पुढच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जाल तेव्हा वरच्या पायरीवर बसा. मधल्या फळीतला एक पोरगा निवडा, शक्यतो समोरच्या संघाचा. पंधरा मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहा. त्या वेळात एखादा गोल तुमच्या नजरेतून सुटेल. पण घरी येऊन त्या पोराविषयी सांगण्यासारखे तुमच्यापाशी काहीतरी असेल.